दाढा गेल्या, दुखणं मागे राहिलं

पत्र:

"माझं वय ५८, नाशिकला सिडकोत राहते. खालच्या उजव्या दोन दाढा चार वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या, डावीकडची शेवटची गेल्या दिवाळीत काढली. काढता-घालता येणारी कवळी करून घेतली होती, पण ती हिरडीला रुतते म्हणून घालत नाही. आठेक महिन्यांपासून उजव्या कानाच्या पुढे दुखतं. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, आ केला की कट्ट वाजतं. भाकरी किंवा शेंगदाणे चावले की ठणका कानशिलापर्यंत चढतो. कानाच्या डॉक्टरांनी कान ठीक आहे म्हणून सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला आणि 'दाढा नाहीत म्हणूनच दुखतंय, दोन्हीकडे इम्प्लांट करून टाका' म्हणाले. खर्च लाखाच्या वर जातोय. शेजारच्या काकूंच्या मते ही नसेची दुखणी आहे. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोज एक-दोन घेते. बीपीची गोळी चालू आहे, साखर थोडी वर असते. मिश्री लावायची जुनी सवय आहे. इम्प्लांट केले तर दुखणं थांबेल का?"

उत्तर:

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर चढवलेला दात, बसवल्याने हे दुखणं थांबेलच असं कुणी लिहून देऊ शकत नाही. जो देईल त्याच्याकडे ॲडव्हान्स भरायची घाई करू नका.

दाढा नाहीत आणि जबडा दुखतोय, म्हणजे एकामुळेच दुसरं झालं असा हिशोब इथे चालत नाही. मागच्या दाढा नसलेली कितीतरी माणसं तुमच्या ओळखीत असतील. ती भाकरी खातात, मटण खातात आणि त्यांचा जबडा अजिबात कुरकुरत नाही. पुढचे दात आणि दोन्ही बाजूंच्या उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) शाबूत असतील, वर-खाली मिळून साधारण २० दात एकमेकांवर नीट बसत असतील, तर बहुतेकांचं चावणं भागतं. नेदरलंड्समधल्या दंततज्ज्ञांनी १९८० च्या दशकात हे मांडलं आणि ते पुढे टिकलं. उलट बाजूने बघा, बत्तिशी जागेवर असलेल्या तरुण मुलामुलींनाही तुमच्यासारखंच दुखणं होतं. त्यामुळे नेमकं काय दुखतंय हे आधी ठरवायला हवं. ते शांत झालं की मग दातांचं बघता येईल. हा क्रम उलटा केला तर महागाचे दात बसतात, दुखणं तसंच राहतं आणि त्यावर नव्या दातांमुळे दुखतंय की जुनंच आहे हा आणखी एक गुंता होतो.

दाढा जाण्याचा काहीच परिणाम होत नाही असंही नाही. खालची दाढ काढली की समोरची वरची दाढ टेकू नसल्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरत जाते. रिकाम्या जागेच्या मागे एखादी दाढ उरली असेल तर ती पुढे कलते. मग तोंड मिटताना एखादा दात सगळ्यांच्या आधी टेकतो आणि बाकीचे जुळवायला जबडा किंचित सरकवावा लागतो. शिवाय उजवीकडे दाढा नसल्याने तुम्ही चार वर्षं डावीकडेच चावत आला असणार. इथे एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. डावीकडे चावलं तर डावा सांधा दमेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात घास ज्या बाजूला असतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या सांध्यावर जास्त भार येतो. म्हणजे तुमच्या उजव्या सांध्यानेच इतकी वर्षं जास्त ओझं वाहिलं. त्यात दिवाळीत शेवटची डावी दाढ काढताना तोंड बराच वेळ मोठं उघडून ठेवलं असेल, तर दोन्ही सांधे आणि स्नायू ताणले गेले असण्याची शक्यता आहे. दुखणं त्यानंतर लवकरच सुरू झालं असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता बोट कानाच्या छिद्रापुढे ठेवा आणि तोंड उघड-मिट करा. बोटाखाली जे हलतं ते खालच्या जबड्याचं डोकं. त्याच्यात आणि कवटीच्या खोबणीत एक लवचिक चकती असते. ती पुढे सरकलेली असेल तर आ करताना जबड्याचं डोकं उडी मारून तिच्यावर चढतं, तोच कट्ट आवाज. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर त्यावर काहीच उपचार करायचे नसतात. भल्याभल्यांचा जबडा वाजतो. वाळूत पाय घासल्यासारखी करकर ऐकू येत असेल तर सांध्याची झीज असू शकते आणि तुमच्या वयात ती नवल नाही. तिच्यावरही बहुतेक वेळा पुढे सांगितलेलेच साधे उपाय चालतात. लक्ष ठेवायचं ते एका गोष्टीवर: आवाज एखाद्या दिवशी अचानक बंद झाला आणि त्याच वेळी तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर सांधा अडकला आहे. तेव्हा महिनाभर वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

पण तुमच्या पत्रातली आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण कट्ट आवाज नाही, सकाळचं आखडलेपण आहे. रात्री दात आवळणाऱ्या किंवा कराकरा खाणाऱ्या माणसाचा जबडा सकाळी असाच लाकडासारखा होतो. दिवसाही अनेकजण नकळत दात मिटून बसतात: सुईत दोरा ओवताना, मोबाइल बघताना, द्वारका चौकातल्या गर्दीतून गाडी काढताना. निवांत असताना ओठ मिटलेले आणि दात सुटे असायला हवेत, मध्ये दोन-चार मिलिमीटरची फट. खाताना आणि गिळताना दात एकमेकांना टेकतात, ते सगळे क्षण जोडले तर दिवसातली मोजकी मिनिटं होतात. त्याऐवजी तासन्‌तास टेकून राहिले तर गालातला चावायचा स्नायू ओझं उचलून उभ्या राहिलेल्या हमालासारखा थकतो. हा स्नायू दुखायला लागला की कळ कानात, कानशिलात, कधी वरच्या दाढांत जाणवते. कान ठीक निघाला याचं कारण बहुधा हेच.

घरी आरशासमोर पाच मिनिटं द्या. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. साधारण ४० मिलिमीटर उघडणं ठीक. दोनच बोटं जात असतील तर सांधा, स्नायू किंवा तोंडाची आतली त्वचा, काहीतरी अडवतंय. मग हळू आ करा आणि हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला जाते ते पाहा. दात किंचित आवळा, गालफडात जो गोळा फुगतो तो सापडला की दात सोडा आणि तिथे दोन बोटांनी घट्ट दाबा. कानशिलावर आणि कानाच्या पुढेही असंच दाबा, सांध्यावर मात्र हलक्या हाताने. दाबल्यावर 'हेच, हेच ते माझं दुखणं' असं वाटलं तर ते खरं धरायचं. नुसतं कुठेतरी दुखलं तर त्याला फार अर्थ नाही, कारण जोरात दाबलं तर कुणाचाही गाल दुखतो. शेवटी एकेका उरलेल्या दातावर लाकडी चमच्याची कड ठेवून हलकेच चावा. चावताना किंवा सोडताना एकाच दातातून लखकन कळ आली तर तो दात तडकलेला असू शकतो. दाढा गेलेल्या तोंडात उरलेल्या दातांवर जोर येतो, त्यामुळे हे बरेचदा सापडतं आणि बरेचदा सुटतंही.

काकूंचं नसेबद्दलचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, फक्त तुमच्या वर्णनाशी ते जुळत नाही. चेहऱ्याच्या नसेचं जे प्रसिद्ध दुखणं आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, त्यात विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंद ते फार तर दोन मिनिटं टिकते आणि जाते. तोंड धुताना पाण्याचा हबका, दात घासणं, वाऱ्याची झुळूक, एवढ्यानेही ती सुरू होते. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांना ती दाद देत नाही. तिचं औषध कार्बामॅझेपीन. ते थोड्या मात्रेपासून सुरू करतात, त्यात रक्तपेशी आणि सोडियम तपासत राहावं लागतं आणि अंगावर पुरळ आलं तर थांबवून लगेच डॉक्टर गाठावे लागतात. त्यामुळे शेजारणीच्या पाकिटातून ते घेऊन बघायचं नाही. या आजारात चुकून एकामागून एक चांगले दात काढून घेतलेली माणसं दंतवैद्यांना नेहमी भेटतात.

नसेचा दुसरा प्रकार कमी माहीत आहे आणि तो दात काढण्याशी थेट जोडलेला आहे. दात गेलेल्या जागीच सतत जळजळ, ठसठस, कधी मुंग्या. एक्स-रे स्वच्छ, हिरडी भरून आलेली, आणि तरी दुखणं तीन-तीन महिने हटत नाही. दात काढताना दुखावलेली नस चुकीचे संदेश पाठवत राहते. यावर झोपताना अमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमसारखी लहान मात्रा किंवा प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन अशी औषधं डॉक्टर देतात. अमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडं पडतं, पोट जड होतं, आणि काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते टाळतात. या दुखण्यात पुन्हा दात काढणं, पुन्हा हिरडी उघडणं हे हमखास बिघडवणारं. ओळखायची युक्ती सोपी आहे: डॉक्टर त्या जागी भूल देऊन बघतात. सुन्न केल्यावर दुखणं पूर्ण गेलं तर मूळ तिथेच आहे. गेलंच नाही तर मूळ दुसरीकडे आहे. तुमचं दुखणं कानापुढे आहे आणि चावल्यावर वाढतं, म्हणून ही शंका आम्ही मागे ठेवतो.

आता काही गंभीर कारणं नाहीत ना, याची आधी खात्री करायला हवी. तुमच्या बाबतीत पहिली मिश्री. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. ती जिथे लावता तिथली हिरडी, गालाची आतली बाजू, जिभेची कड आणि जिभेखाली उजेडात बघून घ्या. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, आपोआप हलू लागलेला दात, मानेत गाठ, किंवा खालचा ओठ-हनुवटी बधिर वाटणं, यापैकी काहीही असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून तोंडाची तपासणी आणि गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी. बधिरपणाला तर एक दिवसही थांबू नका. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी घरोघरी आहे. सुपारीने गाल आतून ताठ होतात, तिखट झोंबतं आणि तोंड कमी कमी उघडतं. तो आजार सांध्याचा समजून व्यायाम करत बसणं घातक.

दुसरं, जबड्याचं दुखणं हृदयाचंही असतं. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना जबडा किंवा गळा दुखतो, थांबलं की थांबतं, सोबत दम लागतो, घाम फुटतो, तर दंतवैद्याकडे नाही, ईसीजी काढायला जायचं. बीपी आणि साखर असलेल्या बाईच्या बाबतीत ही शंका डोक्यात ठेवलीच पाहिजे. तिसरं, पन्नाशीनंतर घास चावता चावता जबडा थकून दुखणं, थांबलं की बरं वाटणं, त्यासोबत नवी डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं किंवा नजर अंधुक होणं: ही कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, पण त्यात नजर कायमची जाऊ शकते. त्याच दिवशी इएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करून डॉक्टरांना भेटायचं. जेवायला बसलं की जबड्याखाली सूज येत असेल तर लाळेच्या ग्रंथीतला खडा, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडसारखं औषध घेत असाल तर दात काढलेल्या जागी हाड उघडं राहिलंय का, हेही बघायला हवं. दात काढताना मूळ तुटून आत राहिलं असेल तर ते एक्स-रेमध्ये दिसतं.

त्या एक्स-रेबद्दल. तुमचा जो काढला तो बहुधा ओपीजी. त्यात राहिलेली मुळं, गाठी, हाडाची उंची, सांध्याच्या हाडाचा ढोबळ आकार दिसतो. चकती दिसत नाही, स्नायू दिसत नाहीत. 'दाढा नाहीत म्हणून दुखतंय' हे ओपीजीमध्ये वाचता येत नाही, तो डॉक्टरांचा अंदाज आहे. एमआरआय लागतो तो सांधा अडकला असेल किंवा साधे उपाय करूनही फरक पडला नसेल तर. उगाच आधी काढू नका.

रोजच्या गोळीचं बघू. ती डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असेल, एकटी किंवा पॅरासिटामॉलसोबत, तर तीन अडचणी आहेत. बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचा परिणाम कमी होतो. काही बीपीच्या गोळ्यांसोबत, विशेषतः त्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर, किडनीवर ताण येतो, आणि साखर असताना किडनी आधीच जपायची असते. तिसरी गोष्ट, महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं आणि कानशिलाचं दुखणं कधी कशाचं ते कळेनासं होतं. एकत्र औषधांच्या गोळ्यांना १० दिवसही पुरतात. घरच्या डॉक्टरांना स्ट्रिप दाखवून ती बंद करा. फार दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दिवसभरात एकूण ३ ग्रॅमच्या आत, तेही रोजचा रतीब लावल्यासारखं नको. गालावर आणि सांध्यावर डायक्लोफेनॅकचं जेल दिवसातून तीनदा हलक्या हाताने लावता येतं, पोटातल्या गोळीपेक्षा ते बरंच निर्धोक. डोळ्यांपासून लांब ठेवा.

आता सहा आठवड्यांचं काम. पहिले दोन आठवडे जेवण मऊ: भाकरी आमटीत कुस्करून, खिचडी, पिठलं, मऊ भात, आंबील, शिजवलेल्या भाज्या. पातळ मात्र नको, नुसतं पेज-सूप पीत राहिलात तर सांधा आणखी आखडतो. पेरू, ऊस, चिक्की, कडक लाडू, चकली बंद. सालीसकट फळाला पुढच्या दातांनी चावा घेणं बंद, त्यासाठी जबडा पुढे काढावा लागतो आणि नेमका सांधा ताणला जातो. फळं सुरीने चिरून घ्या. मिसळ खायचीच असेल तर फरसाण रश्श्यात चांगलं भिजू द्या. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंना फिरवा, चुकूनही सगळं डावीकडे नको.

दिवसातून दोन-तीनदा टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळायचा आणि गालावर, कानापुढे १५ ते २० मिनिटं धरायचा. निवला की परत बुडवायचा. तुम्हाला साखर आहे, त्यामुळे आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून तापमान बघा, गालावर चटका बसलेला उशिरा कळू शकतो. शेकून झालं की लगेच व्यायाम, थंड स्नायूला ताणायचं नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, 'न' म्हणताना लागतं तिथे टाळूला टेकवा आणि जीभ न सोडता जितकं उघडेल तितकंच तोंड उघडा-मिटा. सहा वेळा, दिवसातून सहादा. आरशात बघून हनुवटी सरळ रेषेत खाली यायला हवी. ती वळत असेल तर उघडणं कमी करा, जोर लावू नका. मग दोन बोटांनी गालफडातल्या गोळ्यावर गोल गोल, मिनिट-दोन मिनिटं, दोन्ही बाजूंना. किंचित ताण जाणवला तर चालेल, पण व्यायामानंतर तासभर जास्त दुखत राहिलं तर तुम्ही जास्त करताय. बहुतेकांचं इथेच चुकतं: पहिल्या दिवशी उत्साहाने तोंड जोरात फाडून बघतात आणि दुसऱ्या दिवशी व्यायामच सोडतात.

जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड मर्यादेबाहेर उघडणार नाही. फोन खांदा आणि कानात पकडून बोलणं, गालाखाली हात घेऊन मालिका बघणं, पालथं झोपणं, च्युइंगगम, सुपारी, हे सगळं बंद. दात सुटे ठेवायची आठवण राहावी म्हणून गॅसच्या ओट्यावर, आरशावर आणि मोबाइलवर एकेक लाल टिकली चिकटवा. टिकली दिसली की दात टेकलेत का बघायचं, टेकले असतील तर खालचा जबडा सैल सोडायचा आणि श्वास सोडायचा. हे बाळबोध वाटतं, पण दिवसा दात आवळायच्या सवयीवर याहून नेमका उपाय आमच्या तरी माहितीत नाही. आणि थंडीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की, सकाळच्या फेरीला कानावरून मफलर घ्या. थंडीने सांधा बिघडत नाही, पण स्नायू आवळतात.

रात्रीसाठी डॉक्टर स्प्लिंट, म्हणजे दातांवर चढवायचं काढता-घालता येणारं कव्हर, सुचवतील. तो कडक, पारदर्शक ॲक्रिलिकचा आणि एका जबड्याच्या सगळ्या दातांवर बसणारा असावा. नुसत्या पुढच्या किंवा नुसत्या मागच्या दातांवरचा नको, त्याने उरलेले दात सरकतात. ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात बुडवून चावायचा मऊ गार्डही तुमच्यासाठी नाही, काहीजण तो आणखीच चावतात. खाली दाढा नसल्यामुळे तुमचा स्प्लिंट खालच्या जबड्यावर, रिकाम्या जागेपर्यंत वाढवून करायचा का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. मागे टेकूच नसेल तर आवळलेला सगळा जोर पुढच्या दातांवर आणि सांध्यावर जातो. बसवण्याच्या दिवशी रंगीत कागद चावायला लावून समोरच्या जबड्याचे सगळे दात एकसारखे टेकतात का बघतात आणि जास्तीचं घासतात. दोन आठवड्यांनी परत, मग गरजेप्रमाणे. हे घासून जुळवणं केलंच नाही तर स्प्लिंट हा फक्त प्लास्टिकचा महाग तुकडा. तो रात्रीच घालायचा. सकाळी काढल्यावर अर्ध्या तासानेही दात पूर्वीसारखे जुळत नसतील तर वापर थांबवून दाखवायला जा. घोरण्याचा त्रास असेल, दिवसा झोप अनावर होत असेल, तर स्प्लिंट करण्याआधीच सांगा. झोपेत श्वास अडकणं आणि दात खाणं यांची अनेकदा जोडी असते, आणि त्याचा बीपीशीही संबंध आहे.

एक गोष्ट मात्र या काळात करू देऊ नका: सांधा बरा व्हावा म्हणून स्वतःचे चांगले दात घासून घेणं किंवा सगळ्यांवर कॅप चढवणं. स्प्लिंट बाजूला ठेवता येतो, घासलेला दात परत येत नाही.

दाखवायचं कुठे, तर एका दातापुरतं न बघता तोंडाच्या दुखण्याचं निदान करणारी शाखा आहे, ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी. पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात जाता येईल, दंत महाविद्यालयात ही शाखा, कवळ्या-दातांची शाखा आणि मुखशल्यचिकित्सा एकाच आवारात असतात. जाताना ओपीजी, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, साखरेचे जुने रिपोर्ट आणि जुनी कवळीही न्या. सोबत दोन आठवड्यांची नोंद: दुखणं दहापैकी किती, सकाळी की संध्याकाळी, काय खाल्लं, गोळी घेतली का. त्यावरून डॉक्टरांना अर्धं निदान हाती लागतं. सहा ते आठ आठवड्यांत तीव्रता निम्म्यावर आली तर दिशा बरोबर आहे. तसूभरही फरक नसेल तर निदान पुन्हा पहिल्यापासून तपासायचं.

दातांचा विषय त्यानंतर. तुमच्या कवळीचं रुतणं समजण्यासारखं आहे. मागे दात नसल्यामुळे ती पुढे दाताला अडकते आणि मागे नुसत्या हिरडीवर बसते, चावलं की मागून दबते. दात गेल्यावर हाड झिजत राहतं, त्यामुळे जुनं माप आज सैल. रुतणारा भाग घासून किंवा आतून नवा थर देऊन ती वापरात येऊ शकते. रुतते त्या जागी हनुवटीच्या अलीकडे विजेसारखी चमक येत असेल तर सांगा: हाड झिजलं की हनुवटीची नस वर येते आणि कवळीखाली दाबली जाते, तिथे कवळीला खळगा ठेवावा लागतो. नवी करायचीच असेल तर साध्या ॲक्रिलिकपेक्षा धातूच्या सांगाड्याची घ्या. ती दातांवर टेकते म्हणून हिरडीवर कमी बसते. कुठलीही कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. फिक्स ब्रिज, म्हणजे पुढच्या-मागच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला दात, तुमच्या जागी बसत नाही, त्याला मागे एक दात लागतो.

इम्प्लांट वाईट नाहीत, आणि दुखणं शांत झाल्यावर चावायला अडचण वाटत असेल तर जरूर करा. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमिती स्कॅन) काढून खालच्या जबड्यातल्या नसेच्या नळीच्या वर किती हाड आहे? इम्प्लांटच्या टोकाखाली किमान २ मिलिमीटर मोकळे राहायला हवेत. वरच्या दाढा किती खाली उतरल्यात आणि नव्या कॅपला साधारण ७ मिलिमीटर उंची मिळेल का, की वरची दाढ आधी छोटी करावी लागेल? तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, किती आहे? ७ च्या आसपास असेल तर उत्तम, ८ च्या वर असेल तर आधी ती खाली आणा. आणि रात्री दात आवळण्याचं काय? त्याची सोय न केल्यास स्क्रू सैल होतात, कॅपचे टवके उडतात, म्हणून इम्प्लांटनंतरही रात्रीचा स्प्लिंट लागेल. मिश्री सोडल्याशिवाय तर इम्प्लांटचा विषयच काढू नका, तंबाखूने हाड धरण्याची शक्यता घटते. खालच्या जबड्यात इम्प्लांट हाडात पक्का व्हायला दोन-तीन महिने जातात, कॅप त्यानंतर.

आणि सहा आठवड्यांनी दुखणं गेलं, जेवण नीट जातंय, उरलेले दात घट्ट आहेत, तर मागच्या जागा रिकाम्या ठेवणं हाही एक रीतसर पर्याय आहे. फक्त दर सहा महिन्यांनी वरच्या दाढा आणखी उतरतायत का, एवढं तपासून घ्या.